पांदणीएवढं रान

नातवंडं कधी कधी विचारतात, "आज्जी, तुमच्या वक्ताला हरणं लई व्हती म्हणं. फुकटचं मटण खात असताल की रोज!" फुकटचं हा शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. अरे बाबांनो, हरीण रानात फुकट चरायचं, तेवढंच काय ते फुकट. त्याला मारायचं म्हटलं की उंबऱ्याबाहेर पाय टाकायच्या आधीपासून पैसा लागायचा. बंदुकीचा परवाना, दारू, छर्रे, हाका घालणारी, म्हणजे ओरडून जनावर पुढं काढणारी माणसं, त्या माणसांचं भाकरी-कालवण, आणि ज्याचं रान त्याची मर्जी. सगळ्यात महाग ती मर्जीच. ती कधी पैशानं मिळायची, कधी मटणानं, आणि कधी दोन्ही घेऊनसुद्धा मिळायची नाही.

हे मी बसल्या जागेवरून बोलत नाही. एका हिवाळ्यात मी स्वतः बैलाचं दावं धरून हरणामागं हिंडले आहे. हौस म्हणून नव्हे. आमच्या घरातलं एक माणूस त्या हरणावर जगायचं होतं.

निजामाच्या राज्याचे ते अखेरचे दिवस. पण अखेरचे आहेत हे आम्हाला काय ठाऊक? लढाई संपली होती, तरी दुकानात साखर नव्हती आणि दिव्याला रॉकेल नव्हतं. आमचं गाव येडशीच्या स्टेशनापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगराच्या कडेला. घरात सासूबाई, मालक म्हणजे माझा नवरा, मी आणि माझे धाकटे दीर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यांच्यामागं उरलं ते थोडं कोरडवाहू रान आणि खुंटीला टांगलेली एक ठासणीची बंदूक. नळीतून दारू ओतायची, गजानं ठासायची, मग छर्रे, मग चिंधी, आणि शेवटी घोड्याखाली टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडणार. टोपी सादळलेली असली तर नुसतंच 'चट्' वाजायचं, आणि तेवढ्यात हरीण पार धाराशिवला पोचलेलं.

नेम मालक धरायचे, पण शिकार खरी दिरांची होती. आमच्याकडं हरणाजवळ जायचं ते बैलाच्या आडानं. हरीण माणसाला भितं, बैलाला भीत नाही. एखादा शांत बैल चारत चारत पुढं न्यायचा. एकानं दावं धरून त्याच्या खांद्यापाशी वाकून चालायचं, बंदूकवाल्यानं मागच्या पायांशी राहायचं. हरणाकडं सरळ जायचं नाही. तिरकं जायचं, मध्येच थांबायचं, बैलाला गवताला तोंड लावू द्यायचं. हे भावजींना फार छान जमायचं. बैल म्हणजे त्यांचा जिवाभावाचा माणूस.

घरून निघाल्यावर ते बैलाच्या गळ्यातली घंटा सोडायचे आणि वाजू नये म्हणून चिंधीत गुंडाळून कमरेला बांधायचे. हरीण पडलं की पहिलं काम, घंटा परत बैलाच्या गळ्यात. सासऱ्यांपासूनची ती रीत. घंटेचा आवाज वेशीपासून आमच्या घरात ऐकू यायचा. तो आला की सासूबाई पदर खोचून उठायच्या, पाटा धुवायच्या, खोबरं आणि कांदा चुलीत भाजायला टाकायच्या. बैल मुका आला तर कुणी कुणाला काही विचारायचं नाही, गपचूप पिठलं करायचं.

त्या पावसाळ्यात भावजी खोकायला लागले. विशीतलं पोर, थट्टेखोर. माझी भाकरी जरा कडक झाली की म्हणायचे, "वैनी, ही भाकर हाय का ढाल? लढाईवर धाडा की!" खोकल्यातही थट्टा चाललेली असायची, म्हणून आम्ही आधी फारसं मनावर घेतलं नाही. दसऱ्याला थुंकीत रक्त दिसलं. धाराशिवच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं क्षय सांगितला, कुठल्याशा लांबच्या दवाखान्याचं नाव काढलं, आणि आमच्या अंगावरच्या कपड्यांकडं बघून आपणच गप्प बसला.

मग आम्ही हकिमाकडं गेलो. हकीम म्हातारा, डोळे मिटून नाडी बघायचा. म्हणाला, "हिरन की यखनी पिलाव, जाड़ेभर." यखनी म्हणजे हाडामांसाचं पातळ सार, आणि ते सगळा हिवाळाभर पाजायचं. सासूबाईंनी विचारलं, बकऱ्याची चालंल का? "नै अम्मा," तो म्हणाला, "हिरनच होना." आम्ही तिथून जवळजवळ हसत बाहेर पडलो. घरात बंदूक आहे, रानात हरणं आहेत, म्हणजे हे औषध तरी आपल्या हातातलं आहे, असं वाटलं. काय भाबडी माणसं आम्ही!

पहिली अडचण टोप्यांची. लढाईच्या दिवसांत टोप्या यायच्याच बंद झाल्या होत्या. बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं मिळतात असं कळलं. येडशीहून छोट्या गाडीत बसून मालक बार्शीला गेले. तिथं आमचा निजामाचा हाली रुपया चालत नव्हता, इंग्रजांचा कलदार लागायचा, आणि तो बदलून घेताना वर बट्ट्याचे पैसे द्यावे लागायचे. माझ्या कानातली फुलं बार्शीतच राहिली. येताना नाक्यावरच्या शिपायानं डबी उघडायला लावली, परवाना उलटा धरून वाचला, आणि मूठभर टोप्यांतल्या निम्म्या ठेवून घेतल्या. त्याला काय करायच्या होत्या मेल्याला? त्याच्याकडं कुठं बंदूक होती? नुसती हात मारायची सवय.

दुसरी अडचण, मारायचं कुठं. आमच्या गावच्या माळावर पूर्वी कळपच्या कळप असायचे. लढाईच्या सालांत हैदराबादकडचे बडे लोक मोटारी घेऊन आले आणि मोटारीत बसूनच बार काढत सुटले. सासऱ्यांनी जन्मात मारली नसतील एवढी हरणं त्यांनी एका दिवसात पाडली. न्यायची तेवढी नेली, बाकीची माळावर कुजली. वाचली ती पळून गेली. भावजी त्या वेळी दिवसभर माळावर बसून होते आणि संध्याकाळी जेवले नव्हते, हे मला आठवतं.

शेजारचं रान जहागिरीतलं. जहागीरदार हैदराबादेत, इथं त्यांचा कामदार. तो म्हणाला, नजराणा आधी, मग हरीण मिळो न मिळो. आणि मिळालं तर मागचा फरा माझा. फरा म्हणजे मांडीसकट अख्खा पाय. मालकांनी नजराणा दिला. हाका घालायला माणसं बोलावली, त्यांच्या भाकरी मी पहाटेपासून थापल्या. हाका उठला, हरीण नीट समोर आलं, आणि टोपी सादळलेली निघाली. चट्! माणसं भाकरी खाऊन घरी गेली. कामदारानं वर विचारलं, "उद्या येताय न्हवं?" मी तिथं असते तर त्याला कुठं जा ते सांगितलं असतं.

आता हाक्याला माणसं लावायची ऐपत उरली नव्हती. बैलाच्या आडानंच जायला हवं होतं, आणि बैल धरणारे भावजी अंथरुणात. माणूस फुकटातलं हवं होतं. घरात फुकटात राबणारं कोण? मीच की. "दावं म्या धरते," मी म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. भावजी पडल्या पडल्या हसले. म्हणाले, "धरा की वैनी. सारं घर तुमचं ऐकतंय, बैल काय ऐकणार न्हाय!" मग त्यांनी मला शिकवलं, दोन शब्द बोलायचे आणि दम घ्यायचे. "दावं वढायचं न्हाय. तुमीच थांबायचं. तुमी थांबला की त्यो थांबतो. हरणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा न्हाय. तुमाला काय घाई न्हाय, असं चालायचं." घाई नाही असं चालायचं! मला तर त्या दिवसांत श्वास घ्यायलासुद्धा घाई होती.

तुळजापूरच्या अलीकडं एका बड्या जमीनदाराचं कुरण होतं. तो म्हणाला, पैसा नको. अट एकच, हरीण आधी माझ्या दारापुढं आणायचं, वाटे तिथं पडतील. आम्ही गेलो. मी अंगावर घोंगडं घेऊन, बैलाच्या खांद्याला खांदा लावून चालत राहिले. पाठ मोडून आली. आणि हरीण पडलं! एक तरणी मादी होती. मालकांनी घंटा बांधली तेव्हा मला रडू फुटलं. पण दारापुढं वाटे पडले ते असे: एक फरा जमीनदाराचा, दुसरा त्याच्या घरी उतरलेल्या अमीनसाहेबांचा, म्हणजे पोलिसांच्या फौजदाराचा, पुढचे पाय पाटलाचे आणि कारकुनाचे, काळीज कापणाऱ्याचं. आमच्या पदरात मान आणि काही बरगड्या. मालक हात जोडून म्हणाले, घरात दुखणाईत हाय, साहेब. अमीनसाहेब म्हणाले, "म्हणूनच मान दिली. यखनी मानेचीच चांगली होते." आणि सगळे हसले. मला अजून ते हसणं ऐकू येतं.

पळसाच्या पानात गुंडाळून ते घरी आणलं. घंटा वेशीतून वाजत आली होती, त्यामुळं वाटण तयार होतं, पण वाटणाचं काय करायचं? आधी मानेची यखनी. ती काही दिवस पुरवली, हाडं पुन्हा पुन्हा उकळून. आणि काय सांगू, भावजी उठून बसले. भिंतीचा आधार घेत ओसरीवर आले, उन्हात बसले, मला म्हणाले, "वैनी, यखनी बरी हाय, पण मीठ बार्शीला ऱ्हायलं का?" रक्त पडायचं थांबलं. यखनीनं थांबलं, उन्हानं थांबलं की आपसूक थांबलं, मला कळत नाही. पण आम्ही डोळ्यांनी बघितलं. तिथंच आमचा घात झाला. नसती आशा लागली.

पुन्हा त्या कुरणात गेलो तर रखवालदारानं वाटेतच अडवलं. हैदराबादचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यासाठी हरणं राखली होती. माकणीच्या पाव्हण्यांनी सांगावा धाडला, आमच्या नदीकाठाला दिसतात, या. पण माकणी कुठं, आम्ही कुठं! गाडीनं मटण घरी येईपर्यंत त्याला वास सुटणार. नळदुर्गाकडं कुणी हरणं सांगितली, तिथंही हेच. जिथं हरीण होतं तिथं कुणीतरी हात पसरून बसलेलं, आणि जिथं कुणी नव्हतं तिथं हरीण नव्हतं. इकडं भावजी पुन्हा अंथरुणाला खिळले. थुंकीत पुन्हा रक्त. डबीत चांगली म्हणावी अशी एकच टोपी राहिली. मालक ती रोज उन्हात ठेवायचे आणि शेजारी राखण बसायचे.

येडशीच्या अंगाला डोंगरात एक महादेव आहे. त्याच्या भोवतीचं रान देवाचं. हद्दीवर चुन्यानं रंगवलेले धोंडे होते. धोंड्यांच्या आत कुऱ्हाड चालवायची नाही, जीव मारायचा नाही, आणि आत जे पडेल ते देवाचं. वाळलेली काटकी असो की मेलेलं जनावर, उचलायचं नाही. तिथं कुणाचा पहारा नव्हता. आख्ख्या मुलखात तेवढं एकच रान, जिथं कामदार नाही, पाटील नाही, अमीन नाही, आणि नेमकं तिथंच बंदूक चालत नव्हती. हरणांना हे कळलेलं असावं. सगळी तिथंच जाऊन राहिली होती.

त्या धोंड्यांसमोर एका लिंगायत शेतकऱ्याचा हरभरा होता. मालकांनी त्याला विचारलं. त्यानं तर हातच जोडले. "या की! हरबऱ्याचं पार वाटोळं केलंय त्यांनी. पैसा नको, फरा तर नकोच नको, शिव शिव! फक्त माझ्या वावरात रक्त सांडू नका. गळ्यात लिंग हाय माझ्या." म्हणजे बघा आता. एका बाजूला देवाचे धोंडे, दुसऱ्या बाजूला हरभरा, आणि मध्ये गाडीवाट, पांदण. दोन गाड्या एकमेकींना घासून जातील एवढी रुंद. हरणं सकाळी हरभरा खाऊन पांदण ओलांडायची आणि देवाच्या रानात परतायची. एवढ्या मोठ्या निजामाच्या राज्यात आम्हाला परवडणारं रान निघालं ते तेवढं, पांदणीएवढं. हरणाला पांदणीत बार लागायला हवा होता, आणि पडायलाही पांदणीतच हवं होतं.

निघताना भावजींना सांगितलं, आज नक्की. त्यांनी बैलाकडं मान वळवून बघितलं फक्त.

कडाक्याची थंडी होती. सूर्य वर यायच्या बेताला आम्ही पांदणीच्या तोंडाशी पोचलो. घंटा मालकांच्या कमरेला. मी दावं धरून वाकले. बैल पांदणीतलं दवानं भिजलेलं गवत खात एकेक पाऊल पुढं सरकत होता, आणि मी मनात घोकत होते, मला घाई नाही, मला घाई नाही. हरभऱ्यात हरणं होती. माद्या आधी निघाल्या, उड्या मारत पांदणीपलीकडं गेल्या. मालक हलले नाहीत. शेवटी नर आला. पिळदार शिंगांचा, पाठ काळीभोर. पांदणीच्या मधोमध आला आणि उभा राहिला. बैलाकडं बघत होता तो. मी मान खाली घातली, त्याच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

बार उडाला. धुरातून मी बघितलं तर नर गुडघ्यावर आला होता. पांदणीत! मी बैलाला सोडून धावले. धावता धावता मी ओरडत होते, काय ते माझं मलाच ठाऊक नाही. आणि तो उठला. तीन पायांवर उठला, धोंड्यावरून पलीकडं गेला, पुढं अडखळला आणि कोसळला. देवाच्या रानात. धोंड्यापाशी उभं राहून मी हात लांबवला असता आणि तसाच आणखी एक हात असता, तर त्याचं शिंग माझ्या मुठीत आलं असतं. एवढंच अंतर.

मालक मागून आले. धोंड्यापाशी थांबले. पायातल्या वहाणा काढल्या.

"अहो, वहाणा काय काढताय?" मी म्हणाले. "शिंग धरा आणि वढा. पांदणीत पडलं व्हतं ते, म्या बघितलंय."

"आत पडलंय."

"बार पांदणीत लागलाय!"

"पडलंय आत," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

माझा तोल सुटला. नवऱ्याला कधी बोलले नव्हते ते बोलले. कामदाराला नजराणा देताना तुमची रीत कुठं गेली होती? त्या साहेबानं मान दिली तेव्हा तुमचा देव कुठं होता? देवाला हरणं हवीत, आणि माझा दीर नको? मी लुगडं सावरलं आणि एक पाय धोंड्यापलीकडं टाकला. नर अजून जिवंत होता. पोट वरखाली होत होतं.

मालकांनी मला धरलं नाही. धरलं असतं तर मी झटकून गेले असते. ते एवढंच म्हणाले, "जा तू. आण. पण देवाचं चोरून त्येच्या तोंडात घातलं, आणि त्येला काय झालं, तर कुणी मारला म्हणशील?"

माझा पाय तिथंच राहिला. धड आत नाही, धड बाहेर नाही. मला देवाची भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू? त्या वेळी सगळ्यांनाच वाटायची. मी वाटीत यखनी ओतली असती, आणि भावजींनी ती प्यायली असती, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले असते. मी पाय मागं घेतला.

बाराचा आवाज ऐकून शेतकरी आला. त्यानं सगळं बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. जन्मात मटणाला हात न लावलेला तो माणूस म्हणाला, "न्या हो. म्या काय बघितलं न्हाय. महादेवाला काय करायचंय मेल्या हरणाचं? घरात पोरगं आजारी हाय म्हणता." मालक म्हणाले, "न्हाय, अण्णा." शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पदर तोंडाला लावला. तो मान हलवत हरभऱ्यात परत गेला. नर कधी गेला ते कळलं नाही. पोट हलायचं थांबलं एवढंच. वर घारी आणि गिधाडं फिरायला लागली होती.

मालकांनी बंदूक खांद्याला अडकवली. मग कमरेची चिंधी सोडली, घंटा काढली आणि बैलाच्या गळ्यात बांधली. इतकी वर्षं हरीण पडलं की घंटा बांधायची. हरीण पडलं होतं, हातांनी बांधली. मी समोर उभी होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आमची दोघांची डोकी तेव्हा ठिकाणावर नव्हती.

आम्ही घराकडं निघालो. घंटा वाजत असणार, वाजतच होती, पण रोजच्या कानावरचा आवाज, आमच्यापर्यंत पोचला नाही. वेस ओलांडली, गल्लीत वळलो, आणि खोबरं भाजल्याचा वास आला. मी बैलाच्या गळ्याकडं बघितलं, मालकांनीही बघितलं. त्यांनी धावत जाऊन घंटा मुठीत धरली. काय उपयोग? आमच्या घरातून पाट्यावर वरवंटा फिरत असल्याचा आवाज येत होता.

भावजी दारात उभे होते. किती दिवसांनी आपल्या पायांवर उभे. चौकट घट्ट धरलेली, तोंड धुतलेलं, अंगात धुतलेला सदरा. तो त्यांनी स्वतः काढून घातला होता, सासूबाईंनी नंतर सांगितलं. घंटा ऐकली आणि म्हणाले, आये, उठीव मला, दादाला दारात भेटतो. ते हसत होते. मग त्यांनी बैलाची पाठ बघितली. मोकळी पाठ.

"कुठंय?" त्यांनी विचारलं.

मालक तशीच घंटा मुठीत धरून खाली बघत उभे.

"पडलं व्हतं, भावजी," मी म्हणाले. "खरंच पडलं व्हतं."

"कुठं पडलं?"

"धोंड्याच्या आत."

"किती आत?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. "एवढं."

माझ्या हातांकडं ते बघत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. रागवावं, शिव्या द्याव्यात, दादाला विचारावं की तुझा भाऊ मोठा की धोंडा मोठा. त्यांचा हक्क होता. भावजींनी फक्त मान हलवली, शिकारी शिकाऱ्यापुढं हलवतो तशी.

"मग न्हाय उचलायचं, वैनी," ते म्हणाले. आणि चौकट सोडून, भिंत धरत धरत आत गेले.

वाटण पाट्यावर तसंच पडलं होतं. सासूबाईंनी ते शेवटी तुरीच्या आमटीत घातलं, टाकवलं नाही त्यांच्यानं. भावजींनी त्यात भाकरी कुस्करून दोन घास खाल्ले आणि चांगली झालीय म्हणाले. त्यानंतर त्यांनी हरणाचं नाव काढलं नाही, आम्हीही काढलं नाही. शिमग्याच्या आधी ते गेले. पुढं रझाकारांच्या गडबडीत हत्यारं जमा करायचा हुकूम आला, तेव्हा मालक बंदूक स्वतः नेऊन देऊन आले आणि मागं वळून बघितलं नाही. घंटा बैलाच्या गळ्यात परत कधी बांधली नाही.

मालकही गेले आता. त्यांच्यावर मी पुष्कळ रागावले, आणि राग ओसरलाही. कामदार, अमीन, तो नाक्यावरचा शिपाई, सगळ्यांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत, देवालासुद्धा. एक भावजीच तेवढे राहिले, त्यांच्यावर कशावरून रागवायचं? ते म्हणाले असते, "वैनी, उचलून का न्हाय आणलंत?", तर मी आयुष्यभर त्यांच्याशी भांडत तरी बसले असते.